थंड पाण्याचा पाहुणा

सुट्टी जवळ आली की घरोघरी एक सभा भरते. विषय एकच, "यंदा कुठं जायचं?" बाबा म्हणतात, "बघू." आई म्हणते, "आधी आजीला झेपेल का ते बघा." ताईला थंड हवा हवी असते. आणि धाकटे चिरंजीव जाहीर करतात, "डोंगरात लाकडाचं घर, घराखाली नदी, आणि नदीत गळ टाकून ट्राऊट मासा पकडायचा!" सगळे हसतात. सभा संपते. शेवटी मंडळी मामाकडे जातात.

दोस्तहो, आज आपण हसायचं नाही. एक शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्यायची आणि धाकट्याचा हा बेत खरोखर जमतो का ते पाहायचं. बेत मोठ्यांनी आखायचा आणि मुलांनी मागच्या सीटवर बसून "अजून किती लांब?" विचारायचं, असा काही कायदा नाही. यंदाचा बेत तुम्ही आखा. निघायचं आहे आपल्या छत्रपती संभाजीनगरहून.

ट्राऊट आपल्याकडे का नाही?

पहिला प्रश्न हा. जायकवाडीचं नाथसागर एवढं मोठं, पैठण एवढं जवळ. तिथं रोहू आहे, कटला आहे, मरळ आहे. मग ट्राऊट का नाही?

उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आईला सांगून एका पातेल्यात पाणी तापत ठेवा. उकळी फुटायच्या कितीतरी आधी पातेल्याच्या कडांना बारीक बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे, ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की हवा त्यात टिकत नाही, बाहेर पडते. माशाला श्वासाला लागणारा प्राणवायू याच विरघळलेल्या हवेतला असतो. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपल्या मरळीला त्याचं काही वाटत नाही, ती तर पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते. ट्राऊटला मात्र थंड, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. १० ते १६ अंशांत तो खुशीत असतो, २० च्या पुढे त्याचा जीव घुसमटायला लागतो आणि २५ च्या आसपास त्याचं जगणंच अवघड होतं. मे महिन्यातलं आपलं पाणी त्याला कसं मानवणार?

म्हणजे ट्राऊट हवा असेल तर बर्फाच्या नद्यांकडे जायला हवं, नाहीतर दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावर.

आणि गंमत अशी, की हिमालयातसुद्धा तो मूळचा नाही! तो पाहुणा आहे. इंग्रज साहेबांना आपल्या देशातल्यासारखी मासेमारी इथंही करायची होती. १८९९ साली विलायतेहून ट्राऊटची अंडी काश्मीरला पाठवली गेली, पण ती वाटेतच खराब झाली. १९०० साली पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी अंडी तगली, पिल्लं झाली. तिथून १९०९ च्या सुमाराला ट्राऊट कुलूला आला. बियास, तीर्थन, उहल या नद्यांमध्ये आज दिसतो तो या पाहुण्याचाच वंश.

पाहुणा चांगला, पण खादाड. लहान मासे, किडे, काहीही गट्टम करतो. जगात ज्या शंभर परक्या प्राणी-वनस्पतींनी स्थानिकांना सर्वांत जास्त त्रास दिला, अशी एक प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात तपकिरी ट्राऊट आहे आणि इंद्रधनुषी ट्राऊटही आहे. हे लक्षात ठेवा, पुढे एका प्रश्नाला उपयोगी पडेल.

कुठं जायचं?

हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यात तीर्थन नावाची नदी आहे. ती ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून उतरते आणि लारजीला बियासला मिळते. हे उद्यान २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. म्हणजे आपल्या वेरूळ-अजिंठ्याचं भावंडच म्हणा ना! वेरूळ-अजिंठा मात्र थोरले, ते १९८३ पासून त्या यादीत आहेत.

तीर्थनवर वीजप्रकल्प उभे राहणार होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले आणि नदी मोकळी वाहती राहिली. तिच्या काठी गुशैणी, नागिणी अशी गावं आहेत. नागिणीला सरकारी ट्राऊट केंद्र आहे. आणि गावातली कितीतरी कुटुंबं आपल्या घरात पाहुण्यांना ठेवून घेतात.

ही घरं पाहण्यासारखी असतात. जुन्या पद्धतीच्या घराला तिकडे 'काठकुणी' म्हणतात. देवदाराच्या तुळईचा एक थर, दगडांचा एक थर, पुन्हा तुळई, पुन्हा दगड. मध्ये ना चुना, ना सिमेंट. खाली गुरं, वर माणसं. खालच्या गुरांची ऊब वर येते. भूकंपात घर हलतं, करकरतं, पण सहसा कोसळत नाही, कारण थर एकमेकांना धरून थोडे सरकू शकतात. डोंगरातलं लाकडाचं घर पाहिजे होतं ना? हेच ते.

दिवसांचा हिशेब

आता वहीत उभ्या रेघा मारा. सोयीची गाडी म्हणजे नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस. आपल्या स्टेशनवरून सुटली की दुसऱ्या दिवशी दिल्ली आणि त्यापुढे अंबाला. वाटेत काही स्थानकांवर शीख बांधव प्रवाशांना प्रेमानं लंगरचं जेवण वाढतात. आपला डबा-ताटली जवळ ठेवा. पोटभर घ्या, पण टाकू नका.

अंबाल्याहून चंदीगड, बिलासपूर, मंडी करत औट. औटजवळ कुलूचा मोठा रस्ता सोडायचा आणि बंजारमार्गे गुशैणी. रात्रीच्या बसनं हा प्रवास स्वस्तात होतो, पण आजी बरोबर असेल तर रात्रभर वळणावळणाच्या घाटात तिला बसवू नका. चंदीगडला एक रात्र झोपा आणि सकाळी निघा.

पाहा, असं होतं:

दिवस १ आणि २ – रेल्वे, मुक्काम चंदीगड.
दिवस ३ – मोटारीनं घाट, संध्याकाळी गुशैणी.
दिवस ४, ५, ६ – राहणं.
दिवस ७ – राखीव.
दिवस ८ – पुन्हा चंदीगड.
दिवस ९ आणि १० – रेल्वेनं घरी.

दहा दिवसांच्या सहलीत निवांत राहणं चारच दिवस! हा आकडा आधी सगळ्यांना दाखवा. बाबांची रजा तेवढी आहे का? कबूल असेल तरच पुढचं पान उलटा.

आणि सातवा दिवस राखीव कशाला? डोंगरात दरड कोसळते, रस्ता अडतो. राखीव दिवस नसेल तर परतीची गाडी चुकते. दरड नाही कोसळली तर तो दिवस नदीकाठी घालवायचा, बिघडलं काहीच नाही.

तिकिटांचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी सुरू होतं. मे महिन्यात ते पहिल्याच दिवशी संपू शकतं. कॅलेंडरवर तारखेला लाल गोल करा. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट पडतं, हेही हिशेबात धरा.

माझी फजिती

इथं एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मीही असाच बेत आखला होता. गाडी, घर, स्वेटर, सगळं चोख. माझ्या पुतणीनं तर खाऊचे पैसे साठवून रंगीत पिसांचे गळ घेतले होते आणि शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत निघालो आणि पोचलो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. घरमालकांनी चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "ट्राऊटची मासेमारी कालपरवाच बंद झाली. आता मार्चमध्ये या."

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राऊटला सुट्टी असते. हिवाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून त्या काळात गळ टाकायला बंदी. नियम योग्यच, चूक माझी. मी भाडं विचारलं, गरम पाणी विचारलं, मासा कधी पकडता येतो हेच विचारलं नाही! पुतणी काही बोलली नाही. गळांची डबी तिनं तशीच बॅगेत परत ठेवली. तिनं रडून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: *ज्यासाठी जायचं, ते तेव्हा चालू असतं का?* दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर तारखा नीट पाहून जमवता येतं. नोव्हेंबरात असेल तर विसरा. जुलै-ऑगस्टमध्ये नद्यांना पूर आणि दरडींची भीती, म्हणून तेही नको. आपल्या शाळांच्या दृष्टीनं मे महिना बरा. बर्फ वितळून पाणी कधी कधी गढूळ होतं, पण सकाळी लवकर गेलं तर संधी असते.

घरमालकांना विचारायचे प्रश्न

फोन बाबांनी लावावा, पण प्रश्न तुम्ही लिहून द्या.

रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या किती? हा प्रश्न आजीसाठी. तीर्थनकाठची काही घरं नदीच्या पलीकडे आहेत आणि तिथं तारेवरच्या पाळण्यात बसून जावं लागतं. तुम्हाला मज्जा, आजीला धडकी!

कमोड आहे का? रात्री संडास घरातच आहे की बाहेर? जवळचा दवाखाना किती दूर? मोबाईलला रेंज येते का? मांसाहार आणि शाकाहार वेगळा शिजतो का? घरात कुणी माळकरी असेल तर हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

आणि मासेमारीचा परवाना कुठं मिळेल? हा परवाना मत्स्य खातं देतं. दिवसात किती मासे ठेवायचे, केवढ्या लांबीचे ठेवायचे, याचे नियम असतात, ते घेताना समजून घ्या. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही. काठी म्हणजे रॉड भाड्यानं मिळेल का तेही विचारा, उगाच दोन दिवसांसाठी विकत घेऊ नका.

पैशांचं पान वेगळं करा. रेल्वे, मोटार, राहणं-जेवण, परवाना आणि काठी, औषधं, किरकोळ. बेरीज करा आणि तिच्यात दहावा हिस्सा आणखी मिळवा. हा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी, आइस्क्रीमसाठी नाही.

कपड्यांचं गणित सोपं आहे. उंची एक हजार मीटरनं वाढली की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, गुशैणी त्याहून जवळजवळ हजार मीटरनं वर, आणि शिवाय कितीतरी उत्तरेला. दुपारी सुती शर्ट चालेल, रात्री स्वेटर आणि आजीची शाल हवीच.

नदीला ओळखा

आता जरा गंभीर व्हा. हा भाग मोठ्यानं वाचून दाखवा.

औटला पोचायच्या थोडं आधी, बियासच्या काठावर थलौट नावाचं ठिकाण लागतं. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी तिथं नदीतल्या खडकांवर फोटो काढायला उतरले होते. पाणी कमी होतं, खडक कोरडे होते. वर लारजी धरण आहे. धरणातून पाणी सोडलं गेलं आणि बघता बघता नदी वाढली. २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यांच्याबरोबरचा एक जणही गेला. पोहता येणं-न येणं हा तिथं प्रश्नच नव्हता. तशा पाण्यात कुणालाच पोहता येत नाही.

आपण मराठवाड्यातली माणसं. आपल्या नद्या उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे कोरडा खडक दिसला की तो आपल्याला सुरक्षित वाटतो. डोंगरातल्या नदीचं तसं नाही. तीर्थनवर धरण नाही, पण वर कुठंतरी ढगफुटी झाली तर इथं ऊन असतानाही पाणी चढतं. जुलै २०२३ मध्ये कुलू खोऱ्यात आलेल्या पुरानं रस्ते, पूल आणि घरं वाहून नेली होती.

म्हणून चार नियम. एक, गावचा माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही. दोन, नदीच्या मधल्या खडकावर कधीही चढायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही. तीन, पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, आवाज बदलला, की काठी तिथंच टाकून वर पळायचं. काठीचे पैसे भरता येतात. चार, हे नियम बाबांनाही लागू! बरेचदा मुलं ऐकतात, मोठेच "काही होत नाही रे" म्हणत पुढं जातात. अशा वेळी त्यांचा हात धरा आणि मागं ओढा. उद्धटपणा म्हणणार नाही कुणी.

गळाला लागला तर?

लागेलच असं नाही. ट्राऊट मोठा सावध. तुमची सावली पाण्यावर पडली तरी पळतो. म्हणून उन्हाकडे पाठ करून उभं राहू नका, गडद रंगाचे कपडे घाला, पाय आपटू नका. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं रूप दिलेलं असतं, त्याला माशी म्हणतात. ती पाण्यावर अलगद टेकवायची, दगड मारल्यासारखी फेकायची नाही. पहिला दिवस दोरा झुडपातून सोडवण्यातच जातो. जाऊ द्या.

आणि समजा लागला. अंगावर लाल-काळे ठिपके असलेला, तडफडणारा जिवंत मासा तुमच्या हातात आहे. आता ठेवायचा की सोडायचा?

हा निर्णय काठी हातात घेण्याआधी घरात करा. सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याला रोगांपासून वाचवतो, कोरड्या हातानं तो निघतो. शक्यतो पाण्यातच धरून गळ काढा, तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला, म्हणजे वरच्या अंगाला करा, आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा. ठेवायचा असेल तर नियमात बसतो का ते मोजा, आणि तडफडत ठेवू नका. बरोबरच्या जाणत्या माणसाला लगेच मारायला सांगा. आणि मग तो खायचाच. फोटोपुरता मासा मारायचा नाही.

कुणी म्हणेल, "तो तर परका, स्थानिक माशांना खाणारा. मग मारला तर बिघडलं कुठं?" आठवतं, पाहुणा खादाड आहे असं म्हटलं होतं? प्रश्न चांगला आहे. पण त्याला इथं माणसांनी आणलं, तो आपण होऊन आला नाही. आणि आज गावच्या कितीतरी घरांची चूल त्याच्याच जिवावर पेटते. याचं एकच उत्तर नाही. जेवताना घरात चर्चा करून पाहा. आजीचं मत शेवटी विचारा, बहुधा तेच सगळ्यांत शहाणं निघेल.

आणि दहा दिवस नसतील तर?

सगळ्यांना जमेलच असं नाही. रजा नसते, पैसे नसतात, आजीचे गुडघे दुखतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपलं म्हैसमाळ खुलताबादच्या पलीकडे, शहरापासून चाळीस किलोमीटरच्या आत. गिरिजादेवीच्या डोंगरावर एक मुक्काम करा. दोनशेएक किलोमीटर जायची तयारी असेल तर भंडारदरा आहे. १९२६ साली पुरं झालेलं धरण, समोर रतनगड, मागं कळसूबाई. मासा पाहायचाच असेल तर कोकणात महाडजवळ वाळणकोंडीला जा. काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले महाशीर मासे आहेत. तिथं कुणी गळ टाकत नाही. काठावर बसून लाह्या-चुरमुरे टाकायचे आणि वर येणारे मोठमोठे मासे पाहायचे. गळाशिवायही मासा भेटतो तो असा.

लांबच्या बेताआधी म्हैसमाळची एक सरावाची फेरी करूनच पाहा. घाटात कुणाला उलटी होते, आजी किती चालते, कोण कुरकुरतं, सगळं त्या एका दिवसात कळतं.

आईबाबांसाठी दोन ओळी

मुलांनी आखलेल्या बेतात चुका असतील. त्या लगेच दुरुस्त करू नका. "इथं रात्री पोचलो तर जेवायचं कुठं?" असा प्रश्न विचारा आणि त्यांना शोधू द्या. आणि एकदा सगळ्यांनी बेत ठरवला की किरकोळ कारणानं मोडू नका. मोडावाच लागला तर खरं कारण सांगा. पैशांचं असेल तर पैशांचं. मुलांना ते कळतं.

माझ्या पुतणीची गळांची डबी पुढं दीड वर्ष कपाटात होती. मग एका मे महिन्यात आम्ही परत गेलो. तारखा या वेळी तिनं पाहिल्या, फोनवरचे प्रश्न तिनं लिहिले. तीन दिवसांत तिला एकच ट्राऊट मिळाला, वीतभर. तिनं हात ओले केले, गळ काढला आणि त्याला पाण्यात धरून बसली. तो गेला तरी जरा वेळ तिचे हात पाण्यातच होते. बोटं गारठून लाल झाली होती.

मग? वही काढली का?